गोल मारणारा गणितज्ञ

बायोलॉजीच्या पुस्तकात बाप, फिजिक्सच्या पुस्तकात थोरला मुलगा आणि इंजिनिअरिंगच्या गणितात धाकटा. बोर घराण्याने आपला अभ्यासक्रम असा तिन्ही बाजूंनी घेरलाय. त्यातल्या धाकट्याकडे ऑलिम्पिकचं रौप्यपदक होतं, हे मात्र पुस्तकात कुठेच सापडत नाही.

साल 1910. कोपनहेगन विद्यापीठात डॉक्टरेटची जाहीर परीक्षा आहे. डेन्मार्कमध्ये ही परीक्षा बंद खोलीत होत नाही. उमेदवार समोर उभा राहतो, तज्ज्ञ प्रश्न विचारतात आणि ज्याला यायचं तो येऊन ऐकू शकतो. विषय आहे डिरिक्ले श्रेणी, म्हणजे अनंतापर्यंत जाणाऱ्या बेरजांचं गणित. एरवी अशा विषयाला चार प्रोफेसर आणि दोन मित्र आले तरी खूप झालं. पण त्या दिवशी हॉल भरलेला होता, आणि गणितवाल्यांपेक्षा फुटबॉलचे चाहतेच जास्त होते म्हणतात. व्याख्यानातलं त्यांना ओ की ठो कळणार नव्हतं. ते आले होते ते आपल्या लाडक्या हाफबॅकसाठी.

त्या हाफबॅकचं नाव हॅराल्ड बोर. वय अवघं बावीस-तेवीस.

घरातच होती टीम

हॅराल्डचा जन्म 22 एप्रिल 1887चा, कोपनहेगनचा. वडील क्रिस्टियन बोर विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्रोफेसर. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते, हा ‘बोर इफेक्ट’ अकरावीत पाठ केलेला आठवतोय ना? तो नील्स बोरचा नाही, या क्रिस्टियनरावांचा. 1904 साली त्यांनी तो मांडला. आई एलन अॅडलर, एका श्रीमंत ज्यू बँकर घराण्यातली. ही ज्यू असल्याची बाब तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. चाळीस वर्षांनी ती जिवावर उठणार होती.

भावंडं तीन. थोरली जेनी, मधला नील्स आणि शेंडेफळ हॅराल्ड. नील्स आणि हॅराल्डमध्ये जेमतेम दीड वर्षाचं अंतर. दोघं इतके जवळचे की पुढे आयुष्यभर एकाने काही नवीन शोधलं की पहिली खबर दुसऱ्याला जायची. अणूच्या रचनेबद्दल आपल्याला काहीतरी गवसलंय अशी कुणकुण नील्सला 1912च्या जूनमध्ये मँचेस्टरला असताना लागली, तेव्हा त्याने पत्र लिहिलं ते हॅराल्डलाच.

वडिलांना फुटबॉलचं वेड होतं. हा खेळ तेव्हा डेन्मार्कमध्ये नवाच होता. प्रोफेसरसाहेबांनी मुलांना अभ्यासाबरोबर मैदानाचीही गोडी लावली. मुलगा खेळतोय म्हणजे वाया जातोय, असं त्या घरात कुणी मानत नव्हतं.

क्रिकेटच्या पोटी जन्मलेला फुटबॉल क्लब

आता थोडं त्या क्लबविषयी, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

आकाडेमिस्क बोल्डक्लुब, थोडक्यात ‘एबी’. नावाचा सरळ अर्थ विद्यापीठवाल्यांचा बॉल-क्लब. स्थापना 26 फेब्रुवारी 1889. गंमत म्हणजे दोन छोटे क्लब एकत्र येऊन हा तयार झाला आणि त्यातला एक चक्क विद्यार्थ्यांचा क्रिकेट क्लब होता. इंग्रजांकडून डेन्मार्कने दोन्ही खेळ उचलले. आपल्याकडे क्रिकेट रुजलं, तिकडे फुटबॉल.

एबी हा शिकलेल्या पोरांचा क्लब. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, प्रोफेसर होऊ घातलेली मंडळी हिरवा-पांढरा रंग मिरवत खेळायची. पैसे घेऊन खेळणं हा प्रकार डेन्मार्कमध्ये तेव्हा नव्हताच. दिवसा लेक्चर आणि मग मैदान. म्हणून हे हौशी लोकांचं मनोरंजन होतं, असं मात्र समजू नका. याच क्लबने पुढे नऊ वेळा डेन्मार्कचं अजिंक्यपद मिळवलं. पहिलं 1919 साली, शेवटचं 1967 साली. क्नुड लुंडबर्ग हा याच क्लबचा गडी. पेशाने डॉक्टर. डेन्मार्ककडून फुटबॉल, हँडबॉल आणि बास्केटबॉल असे तीन-तीन खेळ खेळला आणि 1948च्या ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलचं ब्राँझ घेऊन आला. एबीच्या परंपरेत असले नमुने बरेच!

या क्लबच्या मोठ्या संघात हॅराल्ड 1903 साली उतरला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याने गणित शिकायला विद्यापीठात नाव घातलं. चेंडूवरचा ताबा आणि चपळाई यामुळे तो प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरला. लोक त्याला ‘लिल बोर’ म्हणायला लागले. म्हणजे छोटा बोर.

मोठा बोरही याच संघात होता की! नील्स गोलकीपर. 1905च्या सुमाराला दोघं भाऊ एबीकडून काही सामने एकत्र खेळले. नील्सची एक गोष्ट नेहमी सांगतात. एका जर्मन संघाविरुद्ध सामना चालू होता आणि खेळ सगळा समोरच्या टोकाला. इकडे नील्स गोलपोस्टला टेकून विचारात बुडालेला. अचानक लांबून चेंडू आला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं म्हणून तो भानावर आला आणि गोल वाचला. नंतर त्याने प्रांजळपणे कबूल केलं, की डोक्यात एक गणित चाललं होतं. खरं-खोटं देव जाणे, पण नील्स कधीच देशाच्या संघात गेला नाही, एवढं खरं. इंटरनेटवर ‘नोबेल विजेता ऑलिम्पिक फुटबॉलपटू’ अशा पोस्ट फिरतात, त्यात दोघा भावांची सरमिसळ झालेली असते. ऑलिम्पिक खेळला तो धाकटा.

सतरा विरुद्ध एक

1908चं ऑलिम्पिक लंडनला झालं. अधिकृत म्हणावी अशी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. नावं आठ संघांची होती, पण हंगेरी आणि बोहेमिया आलेच नाहीत. उरले सहा. त्यातले दोन फ्रान्सचेच, एक ‘अ’ आणि एक ‘ब’!

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाचा हा पहिलावहिला अधिकृत सामना. तारीख 19 ऑक्टोबर 1908. समोर फ्रान्स ‘ब’. निकाल 9-0. एकवीस वर्षांच्या हॅराल्डने त्यात दोन गोल केले. मिडफिल्डमध्ये खेळणाऱ्याने देशाच्या पहिल्याच सामन्यात दोनदा जाळं हलवायचं, म्हणजे विचार करा.

तीन दिवसांनी उपांत्य सामना, फ्रान्स ‘अ’शी. हा संघ तरी टक्कर देईल असं वाटलं असेल, पण डेन्मार्क जिंकला 17-1 असा. हो, सतरा. छपाईची चूक नाही. सोफुस निल्सन नावाच्या पठ्ठ्याने एकट्याने दहा गोल ठोकले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका संघाने सतरा गोल करणं आजवर पुन्हा कुणाला जमलेलं नाही. फ्रेंच मंडळींनी इतका धसका घेतला, की ब्राँझपदकाचा सामना खेळायलाही ती थांबली नाहीत.

अंतिम सामना 24 ऑक्टोबरला व्हाइट सिटी स्टेडियमवर झाला. समोर यजमान ग्रेट ब्रिटन, म्हणजे ज्यांनी हा खेळ जगाला शिकवला ते. डेन्मार्क 2-0 असा हरला. पण पाच दिवसांपूर्वी ज्या देशाच्या नावावर एकही अधिकृत सामना नव्हता, तो देश रौप्यपदक घेऊन घरी परतला. पोरं हिरो झाली. हॅराल्डचं नाव आता कोपनहेगनमध्ये घरोघरी पोचलं.

शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना त्याने 1910च्या मे महिन्यात खेळला, तोही कोपनहेगनमध्ये, इंग्लंडच्या हौशी संघाविरुद्ध. डेन्मार्कने 2-1 अशी बाजी मारली. चार सामने, दोन गोल. देशासाठीचं त्याचं खातं एवढंच. तोवर डॉक्टरेटही पदरात पडली होती, थोरल्या भावाच्या वर्षभर आधी. दोन वर्षांनी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कने पुन्हा रौप्यपदक मिळवलं, पण त्या संघात हॅराल्ड नव्हता. त्याला दुसऱ्या मैदानाची ओढ लागली होती.

लँडाऊ, हार्डी आणि एक पोस्टकार्ड

त्या काळी गणिताची पंढरी म्हणजे जर्मनीतलं गटिंगेन. हॅराल्ड तिथे वारंवार जायचा. तिथल्या एडमुंड लँडाऊ नावाच्या प्रोफेसरशी त्याची गट्टी जमली. लँडाऊ वयाने दहा वर्षांनी मोठा, कामात काटेकोर, आणि मूळ संख्यांच्या अभ्यासातला दादा माणूस.

दोघांनी मिळून हात घातला तो रीमान गृहीतकाला. 2, 3, 5, 7, 11 या मूळ संख्या संख्यारेषेवर कशा विखुरल्यात, याचं गुपित ‘झीटा’ नावाच्या एका फंक्शनमध्ये दडलंय. हे फंक्शन जिथे शून्य होतं ती सगळी महत्त्वाची ठिकाणं एकाच सरळ रेषेवर आहेत, असा अंदाज रीमानने 1859 साली बांधला. तो आजही कुणी सिद्ध केलेला नाही. सिद्ध केलात तर दहा लाख डॉलर तुमचे. बोर आणि लँडाऊ यांनी 1914 साली दाखवलं, की त्या रेषेभोवती कितीही अरुंद पट्टा आखला तरी जवळजवळ सगळी शून्यं त्या पट्ट्यातच सापडतात. नेमकं रेषेवरच असण्याचा प्रश्न उरला, पण तिच्या आसपासच गर्दी आहे हे पक्कं झालं.

त्याच वर्षी केंब्रिजच्या जी. एच. हार्डीने रेषेवर अशी शून्यं अनंत असल्याचं सिद्ध केलं. हार्डी म्हणजे तोच, ज्याने रामानुजनला त्याच 1914 साली इंग्लंडला आणलं. हार्डी आणि हॅराल्ड यांची मैत्रीही घट्ट. हार्डी डेन्मार्कला आला की दोघं आधी कागदावर दिवसाचा अजेंडा लिहायचे म्हणे. पहिला मुद्दा कायम तोच असायचा, रीमान गृहीतक सिद्ध करणे. मग दोघं फिरायला जायचे आणि तो मुद्दा पुढच्या भेटीवर ढकलला जायचा. आपल्या ‘उद्यापासून नक्की अभ्यास’सारखंच!

एकदा परतीच्या प्रवासात समुद्र खवळलेला आणि बोट छोटी. गणितज्ञांमध्ये अशी गोष्ट सांगतात, की हार्डीने बोटीवर चढण्याआधी हॅराल्डला पोस्टकार्ड टाकलं, की मी रीमान गृहीतक सिद्ध केलंय. हार्डी पक्का नास्तिक, पण त्याचं गणित असं होतं, की देव असलाच तर तो आपल्याला बुडू देणार नाही. बुडालो तर सिद्धता सापडल्याचं फुकटचं श्रेय आपल्याला मिळेल, आणि एवढी मोठी मेहेरबानी देव आपल्यावर करणार नाही. हार्डी सुखरूप पोचला.

तिथी आणि तारीख

1915 साली हॅराल्ड कोपनहेगनच्या तांत्रिक महाविद्यालयात प्रोफेसर झाला. आजचं डेन्मार्कचं तंत्रविद्यापीठ ते हेच. तिथे भावी इंजिनिअरांना शिकवताना त्याने योहान्नेस मोलरुप या सहकाऱ्याबरोबर पाठ्यपुस्तक लिहिलं. बीटा-गॅमा फंक्शनची गणितं केलेल्यांनी इथे कान टवकारावेत. 5 फॅक्टोरियल म्हणजे 120 हे सगळ्यांना येतं. पण साडेपाचचं फॅक्टोरियल किती? मधल्या जागा भरायचे मार्ग अनेक असू शकतात, मग गॅमा फंक्शनच का निवडायचं? त्याच्या आलेखाच्या वळणावर एक साधी अट घातली, की गॅमाशिवाय दुसरा पर्यायच उरत नाही, हे या दोघांनी 1922 साली दाखवलं. हा ‘बोर-मोलरुप सिद्धांत’. गंमत अशी, की आपण काही नवीन शोधलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. हे आधीच कुणीतरी सिद्ध केलं असेल असं समजून त्यांनी ते पाठ्यपुस्तकात घालून टाकलं!

पण हॅराल्डचं नाव गणितात कायमचं कोरलं गेलं ते ‘ऑलमोस्ट पिरिऑडिक फंक्शन्स’मुळे. 1924 ते 1926 या काळात त्याने हा विषय उभा केला. नाव ऐकून घाबरू नका. आपल्या घरातलंच उदाहरण घेऊ.

आजी तुमचा वाढदिवस तिथीने करते आणि मित्र तारखेने. तारीख सूर्याच्या हिशोबाने चालते, तिथीत चंद्राचा हिशोब असतो. दोन्ही आपापल्या जागी नियमित, पण दोघांचे वेग असे की त्यांचं गणित कधीच शंभर टक्के जुळत नाही. तरी साधारण दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात, एखाद्या दिवसाच्या फरकाने किंवा अगदी एकाच दिवशी. म्हणजे चित्र हुबेहूब परत येत नाही, पण जवळजवळ परत येतं. अशा ‘जवळजवळ पुन्हा येणाऱ्या’ गोष्टींना नेमके नियम आहेत, आणि साध्या लाटांची बेरीज करून त्या कितीही अचूक उभ्या करता येतात, हे हॅराल्डने दाखवलं.

1930 साली तो कोपनहेगन विद्यापीठात प्रोफेसर झाला. 1934 साली तिथे गणिताची नवी संस्था उभी राहिली, ती नील्सच्या भौतिकशास्त्राच्या संस्थेला खेटून. दोघं भाऊ पुन्हा शेजारी-शेजारी. याच तीसच्या दशकात मुंबईचा होमी भाभा नावाचा तरुण केंब्रिजहून नील्सकडे काम करायला यायचा. जगभरची पोरं त्या रस्त्यावर होती. आणि त्याच वेळी शेजारच्या देशात भलतंच काही सुरू झालं होतं.

वर्गाच्या दारात उभे राहिलेले विद्यार्थी

1933च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. काही महिन्यांतच ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली. लँडाऊ ज्यू होता. त्याच्यावरचा घाव सरकारी कागदातून आला नाही, तो त्याच्याच विद्यार्थ्यांकडून आला.

2 नोव्हेंबर 1933. गटिंगेनमध्ये लँडाऊ कॅल्क्युलसचं लेक्चर घ्यायला निघाला. वर्गाच्या दारात नाझी गणवेशातली पोरं उभी. आत जवळपास कुणीच नाही. या बहिष्काराचं नेतृत्व करत होता ओस्वाल्ड टाइशम्युलर, वय वर्षं वीस. हा कुणी ढ, उनाड पोरगा नव्हता. विलक्षण बुद्धीचा गणितज्ञ होता तो. त्याच्या नावाचं गणित आजही जगभर शिकवतात. त्याचं म्हणणं असं, की जर्मन मुलांना ज्यू माणसाने कॅल्क्युलस शिकवू नये. लँडाऊने पुन्हा त्या विद्यापीठात शिकवलं नाही. 1938 साली तो गेला.

हा प्रसंग आपण कॉलेजवाल्यांनी जरा थांबून वाचावा असा आहे. हुशारी आणि शहाणपण एकाच डोक्यात असतीलच असं नाही, आणि गर्दी करून एखाद्याला बाहेर काढायला वयाची अट लागत नाही.

1934च्या एप्रिलमध्ये लुडविग बीबरबाख या बर्लिनच्या नामवंत गणितज्ञाने त्या बहिष्काराचं जाहीर समर्थन केलं. गणितालाही वंश असतो, जर्मन गणित वेगळं आणि ज्यू गणित वेगळं, असा त्याचा सिद्धांत. अनेकांना तो पटला नसणार, पण गप्प बसणं सोयीचं होतं. हॅराल्ड गप्प बसला नाही. 1 मे 1934 रोजी त्याने डॅनिश वर्तमानपत्रात लेख लिहून या विचाराचे वाभाडे काढले. लँडाऊ त्याचा मित्र होता, एवढंच कारण नव्हतं. ज्या विषयात बरोबर आणि चूक ठरवायला कुणाचं गाव, जात, रक्त विचारावं लागत नाही, त्या विषयावरच हा हल्ला होता.

बीबरबाख चवताळला. जर्मन गणितज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्याने सहसंपादकांचा विरोध डावलून हॅराल्डविरुद्ध खुलं पत्र छापलं. प्रकरण संघटनेच्या सप्टेंबरच्या बैठकीत गेलं. तिथे बीबरबाखच्या वागण्याबद्दल नाराजी नोंदवली गेली, पण भीतीपोटी हॅराल्डच्या लेखालाही बोल लावला गेला. अखेर बीबरबाखला संघटनेतलं पद सोडावं लागलं. विजय अर्धामुर्धाच होता. तरी त्या वातावरणात कुणीतरी नाव घालून लिहिलं, हे छोटं नव्हतं.

लेखापेक्षा मोठं काम हॅराल्ड आधीपासूनच करत होता. त्याच्याकडे डॅनिश पासपोर्ट होता, जर्मन विद्यापीठांत जुने संबंध होते आणि इंग्लंड-अमेरिकेत हार्डीसारखे दोस्त होते. 1933 साली तो जर्मनीत जाऊन सहकाऱ्यांना भेटला. कोण अडचणीत आहे, कुणाला लगेच बाहेर काढायला हवं, कुणासाठी कुठल्या विद्यापीठात जागा निघेल, याची पत्रं त्याने जगभर धाडली. निर्वासित बुद्धिजीवींना मदत करायला डेन्मार्कमध्ये समिती झाली, तिच्यात दोघंही बोर बंधू होते. ओटो नॉयगेबाउर हा प्राचीन बॅबिलोनी गणिताचा अभ्यासक 1934 साली कोपनहेगनला आला तो हॅराल्डच्या प्रयत्नांनी. वेर्नर आणि केटे फेंचेल हे गणितज्ञ जोडपंही डेन्मार्कच्या आश्रयाला आलं. मैदानावर हाफबॅकचं काम काय असतं? मागून चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं आणि मोकळ्या गड्याकडे सुरक्षित पोचवायचा. पन्नाशीकडे झुकलेला हॅराल्ड आता माणसं पोचवत होता.

आता पाळी आपली

एप्रिल 1940 मध्ये जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. 1943च्या सप्टेंबरअखेर बातमी फुटली, की डॅनिश ज्यूंची धरपकड होणार. आई ज्यू, म्हणून बोर भाऊही त्या यादीत. ज्याने दहा वर्षं दुसऱ्यांना पळायला मदत केली, त्याच्यावर छप्पन्नाव्या वर्षी स्वतः पळायची वेळ आली.

पुढे जे घडलं ते डेन्मार्कच्या इतिहासातलं सोनेरी पान आहे. कोळी, डॉक्टर, विद्यार्थी, पाद्री, शेजारीपाजारी अशा साध्या माणसांनी सात हजारांहून जास्त ज्यूंना लपवलं आणि रात्रीच्या अंधारात छोट्या होड्यांतून ओरेसुंडची सामुद्रधुनी पार करून स्वीडनला पोचवलं. नील्स गेला, हॅराल्डही कुटुंबासह पोचला. युद्ध संपल्यावर दोघं परतले आणि हॅराल्ड पुन्हा फळ्यासमोर उभा राहिला.

शिकवणं हा त्याचा खरा जीव की प्राण. अवघड गोष्ट समोरच्याच्या पातळीवर येऊन सांगायची त्याची हातोटी होती. आज कोपनहेगन विद्यापीठात उत्तम शिक्षकाला दरवर्षी जो पुरस्कार देतात, त्याचं नाव आहे ‘हॅराल्ड’. गणितातल्या संशोधनाचा नव्हे, फुटबॉलचाही नव्हे, चांगलं शिकवण्याचा पुरस्कार त्याच्या नावाने आहे.

घरातलं खेळाचं वेडही टिकलं. 1948 साली ऑलिम्पिक पुन्हा लंडनला भरलं, तेव्हा नील्सचा मुलगा अर्नेस्ट डेन्मार्ककडून हॉकी खेळला. काकाच्या पदकानंतर चाळीस वर्षांनी, त्याच शहरात. भारताने स्वतंत्र देश म्हणून पहिलं सुवर्ण जिंकलं ती हीच हॉकी स्पर्धा.

1950 साली अमेरिकेत केंब्रिजला जागतिक गणित परिषद भरली. युद्धामुळे चौदा वर्षं थांबलेलं फील्ड्स मेडल तिथे पुन्हा दिलं गेलं. निवड समितीचा अध्यक्ष होता हॅराल्ड. एक मेडल गेलं नॉर्वेच्या आत्ले सेलबर्गला, ज्याने झीटा फंक्शनच्या त्या शून्यांवर मोठं काम केलं होतं. दुसरं फ्रान्सच्या लोराँ श्वार्त्झला. श्वार्त्झ ज्यू आणि डाव्या विचारांचा. त्याला अमेरिकेचा व्हिसा मिळतानाच मारामार झाली, पण हॅराल्ड त्याच्या बाजूने ठाम उभा राहिला. गणिताला वंश नसतो, तसा पक्षही नसतो, हे त्याने सोळा वर्षांनी पुन्हा एकदा, या वेळी मेडल हातात देऊन सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांतच, 22 जानेवारी 1951 रोजी हॅराल्डने कोपनहेगनमध्ये अखेरचा श्वास घेतला. वय 63. पुढच्याच वर्षी त्याचं गणितातलं सगळं काम डॅनिश गणित मंडळाने तीन जाडजूड खंडांत छापलं.

आणि एबी? हॅराल्ड गेला त्या 1951च्या मोसमात त्याचा क्लब डेन्मार्कचा चॅम्पियन झाला, त्याच्या पुढच्या वर्षीही झाला. नंतर फुटबॉलमध्ये पैसा आला आणि लेक्चर करून मैदानावर जाणाऱ्या पोरांचे दिवस संपले. 1999 साली एबीने डॅनिश कप जिंकला, पण 2004 साली तो पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. कोपनहेगनच्या कडेला ग्लॅडसॅक्स उपनगरात हिरव्या-पांढऱ्या रंगातला हा क्लब आजही खेळतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी घरी विचारलं, की अभ्यास करणार की नुसतं ग्राउंडवर राहणार, तर त्यांना हॅराल्ड बोरची गोष्ट सांगा. फक्त पूर्ण सांगा. त्यात सतरा गोल आहेत, रीमानची शून्यं आहेत आणि एका मित्राच्या वर्गाचं अडवलेलं दारही आहे. ते दार अडवणाराही गणितात हुशारच होता, हे सांगायला विसरू नका.